वरच्या खोलीतली शेगडी

आमच्या घरात दोन तवे आहेत, दोन पोळपाट, दोन लाटणी, दोन चिमटे आणि दोन चाळण्या. लाल दोरा बांधलेलं ते सगळं नंदूचं. कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पाही नंदूचा. वरचाच का, तर पीठ वरून खाली सांडतं, खालून वर जात नाही. इतका विचार मी केला होता. आणि इतकं करून मे महिन्यातल्या त्या मंगळवारी रक्ताचा रिपोर्ट हातात आला, तेव्हा आकडा वर गेलेला होता.

नंदू म्हणजे माझी मुलगी राजनंदिनी. आठ वर्षांची आहे, दिसते सहाची. तिला सीलिॲक आहे. गहू चालत नाही, मैदा नाही, रवा नाही, जव नाही. पोळीचा घास तर सोडाच, पोळीची भुकटी तिच्या भाकरीला लागली तरी आतडं आतून सोलवटतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हे कळून वर्ष झालं. त्याआधी दोन वर्षं 'पोरगी खात नाही, पोरगी खात नाही' म्हणत मी तिच्यामागे तूप लावलेली पोळी घेऊन घरभर फिरत होते. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

यावर गोळी नाही, पथ्य हेच औषध. पहिल्या सहा महिन्यांत आकडा दोनशेवरून नव्वदवर आला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, आबासाहेबांनी, शेजारीपाजारी पेढे वाटले होते. या खेपेला तो तीसच्या आत यायला हवा होता. आला एकशे चौदा. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घरातच कुठून तरी गहू पोटात जातोय," त्या म्हणाल्या. "एखाद्या दिवशी नाही, रोज जातोय. शोधा. या वयात वाढ खुंटली तर पुढे ती भरून निघत नाही."

रोज. दवाखान्यापासून फतेगंजातल्या घरापर्यंत रिक्षात मी तो एकच शब्द चघळत होते. ऊन असं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येत नव्हता. शाळेला सुट्टी होती म्हणून नंदू बरोबर होती. माझ्या मांडीवर डोकं ठेवून तिनं विचारलं, "मम्मी, मी नापास झाले का?" मी तिला जवळ घेतलं. माझ्या डोक्यात तेव्हा एकच माणूस बसलं होतं.

ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, आईसाहेब. चाळीस वर्षं त्यांनी हे स्वयंपाकघर चालवलं. आमच्या आजेसासऱ्यांच्या आधीच्या पिढ्या संस्थानच्या फौजेत होत्या. फौज गेली, पण माणसांना पंगतीनं जेवू घालायची सवय गेली नाही. कुणीही येवो, आईसाहेब परातीत कणीक घेणार. सकाळी गव्हाची खुसखुशीत भाखरी, दुपारी पोळ्या, संध्याकाळी थेपले. आणि दर वर्षी उन्हाळ्यात वर्षभराचा गहू यायचा. गच्चीवर चादरी पसरून त्याला एरंडेल, म्हणजे इथल्या गुजरातीत दिवेल, चोळायचं आणि वरच्या खोलीत पत्र्याच्या कोठ्यांमध्ये भरून ठेवायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा कौतुकानं चोळायला बसले होते. आता त्या कोठ्या दिसल्या तरी मी तिथून काढता पाय घेते.

आईसाहेबांनी काहीच केलं नाही असं नाही. घरची घंटी, म्हणजे पिठाची चक्की, त्यांनी स्वतः विकून टाकली, कारण दळताना पीठ हवेत उडतं. घंटीवर त्यांचा जीव होता. पण सवयी कुठे विकता येतात? पोळी लाटताना कोरडं पीठ चिमटीत घेऊन भुरभुरायचं, ज्याला इथं सगळे अटामण म्हणतात, ते करताना त्यांचा हात असा काही सुटायचा की ओट्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा थर. एकदा पोळी उलटवायचा चिमटा त्यांनी नंदूच्या ज्वारीच्या भाकरीला लावला. मी ती भाकरी त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकली. "आमच्यात कधी सोवळं नव्हतं, तू आणलंस बाई," त्या म्हणाल्या. त्यांनी ते हसत म्हटलं होतं. मला हसू आलं नाही. त्यांची पाठ वळली की मी ओटा पुन्हा पुसायची. पुसून झाल्यावर बोट फिरवून बघायची. मग पुन्हा पुसायची.

त्या मंगळवारी घरात शिरले तेव्हा त्या भाखऱ्या शेकत होत्या. मनगटापर्यंत पीठ. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"आकडा वाढलाय," मी म्हटलं. "रोज गहू जातोय तिच्या पोटात. या घरात रोज गहू कोण मळतं?"

आबासाहेब हिंचक्यावर झोके घेत पेपर वाचत होते. समरजित, माझे यजमान, नंदेसरीच्या केमिकल कारखान्यातली रात्रपाळी संपवून चहा पीत होते. नंदू माझा हात धरून उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

"मी हात धुते गं, संयोगिता. तिच्या भांड्यांना हात लावायच्या आधी दोन दोन वेळा धुते."

"धुता, आणि मग पदराला पुसता. त्याच पदरानं तिचं तोंड पुसता. सगळं दिसतं मला."

"संयोगिता, पुरे," समरजित म्हणाले.

पण माझी जीभ सुटली होती. "पुरे काय? तिची वाढ खुंटली तर कोण भरून देणार आहे? माझ्या पोरीला तुमच्या हातांचं विष होतंय, आईसाहेब."

हे मी म्हटलं. याच शब्दांत म्हटलं. आता मऊ करून सांगण्यात अर्थ नाही.

मला वाटलं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी गॅस बंद केला, हात पुढे धरून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग माझ्याच हातून होत असेल." आणि मोरीकडे गेल्या.

आबासाहेबांनी पेपराची घडी घातली. "वरच्या खोलीतला गहू खाली आणतो," ते म्हणाले. "सूनबाईंची शेगडी वर लावून घ्या."

आमच्या लोकांत आईबाप हयात असताना घरात दुसरी शेगडी पेटली की घर फुटलं म्हणतात. आबासाहेब चौघे भाऊ, चौघांच्या बायकांची एकमेकींशी कधी धड पटली नाही, पण शेवटपर्यंत शेगडी एकच होती, आणि याचा त्यांना केवढा अभिमान. तो माणूस हे वाक्य बोलला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, ती वेगळी शेगडी मला नंदूच्या आजाराच्याही आधीपासून हवी होती.

पुढचे दहा-बारा दिवस मी जमिनीवर टेकले नाही. कोठ्या खाली आल्या, जिन्यात दाणे सांडले, ते मी गुडघ्यांवर बसून एकेक वेचले. खोली तीन वेळा धुतली. भिंतींना चुना दिला. सिंकसाठी नळ काढला, ओट्याची फरशी आली. मी वर-खाली, वर-खाली. झोपेत पण भिंती पुसत होते.

या सगळ्यात एक गोष्ट मला दिसत होती आणि मी बघत नव्हते. आईसाहेबांनी नंदूला हात लावणं सोडलं होतं. रोज सकाळी नंदूची वेणी त्या घालायच्या. आता नंदू फणी घेऊन गेली की म्हणायच्या, "मम्मीकडून घालून घे, बेटा." दुपारी ती त्यांच्या शेजारी जाऊन पडली की त्या उठून खुर्चीवर बसायच्या. एकदा ती पायरीवरून घसरली, आणि मी वरून पाहिलं, आईसाहेब धावत आल्या, वाकल्या आणि हात मागे घेऊन ओरडल्या, "संयोगिता, अगं उचल तिला!" मी धावत खाली गेले, तिला उचललं. 'आता कळतंय ना काळजी म्हणजे काय,' असंच माझ्या मनात आलं. इतकी मी कडू झाले होते.

नंदूचं पोट त्या दिवसांत दोनदा दुखलं. दोन्ही वेळा मी तिला हिंग घातलेलं ताक पाजलं आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप दिला. आमच्याकडे पोटदुखीवर दुसरं काय देतात? शिवाय हा हिंग माझा, माहेरचा. खालच्या मसाल्याच्या डब्यात कणकेची बोटं जातात म्हणून नंदूच्या वरणा-भाजीचा सगळा मसाला मी वेगळा केला होता, आणि हिंग आई मांडवीच्या बाजारातल्या तिच्या नेहमीच्या गांध्याकडून, म्हणजे मसालेवाल्याकडून, आणून द्यायची. छोटी पत्र्याची डबी, लाल दोरा बांधलेली. ताक पिऊन नंदू झोपली की आईसाहेब दाराबाहेरून विचारायच्या, "राहिलं का गं दुखायचं?" आत येत नव्हत्या.

शेगडी बसायच्या आदल्या दिवशी मी मांडवीला गेले. नवी पातेली, झारा, एक लोखंडी तवा घ्यायचा होता. डबीतला हिंगही संपत आला होता, म्हणून डबी बरोबर घेतली. आईला त्रास नको म्हणून गांध्याच्या दुकानात मीच गेले. दुकान जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं.

"खडो आपुं के बांधानी, बेन?" गांध्यानं विचारलं. हिंग खड्याचा देऊ की बांधानी, म्हणजे भुकटीचा.

मी आईचं नाव सांगितलं. ती नेते तोच द्या, म्हटलं.

"ए तो बांधानी."

"दोन्हीत फरक शुं?" मी सहज विचारलं. पिशवीतून पाकीट काढत होते.

"खडो तो एकलो गुंदर. बहु उग्र. बांधानीमां गुंदर ने घउंनो लोट." खडा म्हणजे नुसता डिंक, बांधानीत डिंक आणि...

घउंनो लोट. गव्हाचं पीठ.

"जरासंच ना?" मी विचारलं.

गांधी हसला. बेन, जरासं कसलं, म्हणाला, अर्ध्याच्या वर लोटच असतो. लोट घातल्याशिवाय चिमटीत कसा येणार? एकटा हिंग कुणाला खाववेल? सगळं जग हेच खातं. तो तराजूत हिंग ओतायला लागला आणि मी म्हटलं, राहू द्या.

बाहेर येऊन मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अहो, बांधानी हिंग आपल्या यादीत आहे की. मागच्या पानावर." काय काय टाळायचं त्याची त्यांनी दिलेली यादी मी पहिल्याच दिवशी वाचली असणार. मग लॅमिनेट करून आणली आणि फ्रिजच्या दाराला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवली. पुढचं पान बाहेर. मागचं पान वर्षभर फ्रिजला तोंड लावून होतं.

दुपारच्या वरणात चिमूटभर. संध्याकाळच्या खिचडीत चिमूटभर. पोट दुखलं की ताकात दोन चिमटी. त्यानं पोट पुन्हा दुखलं की पुन्हा ताक. पहिल्या सहा महिन्यांत पोळ्या सुटल्या म्हणून आकडा उतरला. मग खालच्या डब्यातला खड्याचा हिंग सोडून मी आईनं दिलेला हा सुरू केला. पोरीला रोज गहू कोण घालतं, असं मी ओरडून विचारलं होतं. मी घालत होते. लाल दोरा बांधून, डोळ्यांत तेल घालून, मी.

रिक्षा न्यायमंदिरापाशी अडकली आणि मला सुचलं. हे कुणालाच माहीत नाही. डबी आत्ता इथं फेकून दिली तर कुणाला कधी कळणारही नाही. उद्या शेगडी वर लागेल. सहा महिन्यांत आकडा उतरेल. सगळे म्हणतील, वेगळं केलं म्हणून उतरला, संयोगिताचं बरोबर होतं. मला माझी शेगडी मिळेल, पोरगी बरी होईल, कुणाचं काय बिघडलं? एका माणसाचं बिघडेल, एवढंच. आईसाहेब मरेपर्यंत समजतील की त्यांच्या हातांनी नात आजारी पडली.

मी तो विचार लगेच झटकला, असं लिहिलं तर खोटं होईल. फतेगंजपर्यंत मी तो करत होते. डबी हातात होती, घामानं ओली झालेली.

घरी आईसाहेब एकट्याच होत्या. बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून माझी नवी भांडी पुसायला जुन्या पेटाऱ्यातल्या साड्यांचे तुकडे कापत होत्या. "हे पुसायला घे वर," त्या म्हणाल्या. "दोनदा उकळून घेतलेत. पिठाचा हात नाही लागलेला."

मी डबी त्यांच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. गांधी, घउंनो लोट, मागचं पान. रिक्षातलं पण सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना.

त्यांनी डबी उघडून वास घेतला, झाकण लावलं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"बारा दिवस," त्या म्हणाल्या. "बारा दिवस मी त्या पोरीला शिवले नाही. पायरीवर पडली तेव्हा पण नाही."

"आईसाहेब, मी चुकले."

"हिंगाचं जाऊ दे. हिंगाचं मलापण माहीत नव्हतं, तुझ्या आईलापण नव्हतं. ते कुणाच्याही हातून झालं असतं." त्यांचा आवाज चढला. एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "पण मला तू एकटीला गाठून बोलली नव्हतीस. सगळ्यांसमोर बोललीस. आता हेपण सगळ्यांसमोर सांग. नंदूसमोर सांग."

समरजित रात्रपाळीला निघायच्या आधी, सात वाजता, आमच्याकडे सगळे एकत्र जेवतात. नंदूचं ताट नेहमी टेबलाच्या या टोकाला, माझ्याशेजारी, बाकीच्यांपासून हातभर लांब. त्या दिवशी तिच्या वरणात हिंग नव्हता. दोन घास खाऊन झाल्यावर मी सांगायला सुरुवात केली. समरजितनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे बघत राहिले. आबासाहेबांचा हात पाण्याच्या पेल्यावर तसाच राहिला.

"म्हणजे आईसाहेबांकडून नाही," मी म्हटलं. "माझ्याकडून झालं. सगळं माझ्याकडून."

"मग वरच्या शेगडीचं काय करायचं?" आबासाहेबांनी विचारलं. ते कुणाला विचारत होते कळेना.

नंदू आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होती. तिला हिंगाचं, यादीचं किती कळलं होतं कोण जाणे. तिनं चमचा खाली ठेवला.

"मम्मी, म्हणजे आजी घाण नाहीये?"

हा शब्द मी कधी तिच्यासमोर उच्चारला नव्हता. नव्हता उच्चारला, शपथेवर सांगते. पण बारा दिवस तिनं जे पाहिलं होतं, त्याला तिच्याकडे हाच शब्द होता. आईसाहेबांनी मान खाली घातली आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

"नाही बाळा," मी म्हटलं. "आजी कधीच घाण नव्हती."

नंदू उठली. दोन्ही हातांनी आपलं ताट धरून, वरण सांडू नये म्हणून हळूहळू चालत, टेबलाला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि आजीच्या खुर्चीला खुर्ची लावून बसली. आईसाहेबांनी एका हातानं डोळे पुसले आणि दुसऱ्या हातानं आपलं पोळीचं ताट तिच्यापासून लांब सरकवलं.